प्रोग्रॅमला नंतर जा, आधी तयारीला जा

पत्र:

"ताई, मी फर्स्ट इयरला आहे, दुसरं सेमिस्टर सुरू झालंय. कॉलेज घरापासून लांब आहे, जाऊन येऊन तीन तास जातात, त्यामुळे लेक्चर संपलं की मी निघतेच. स्टुडंट युनियनचे मेसेज रोज येतात, क्विझ, म्युझिक नाईट, डिबेट, ट्रेक, काय काय, आणि मी फक्त नंतर फोटो बघते. एकदा हिंमत करून म्युझिक नाईटला एकटी गेले. पाऊण तास भिंतीपाशी उभी होते, सगळे आपापल्या ग्रुपमध्ये, आणि मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघतायत, ही एकटी का आलीये म्हणून. घरी आले ती रडतच. वर्गात माझी एकच मैत्रीण आहे, ती म्हणते युनियन-बिनियन सगळा टाईमपास आहे, त्यांचे ग्रुप आधीच झालेले असतात. आई म्हणते अभ्यासाकडे लक्ष दे. खरं सांगू का ताई, हल्ली सकाळी कॉलेजला जावंसंच वाटत नाही. आता उशीर झालाय का? आणि एकटीने जायचं तर नक्की कसं जायचं?"
(भिंतीपाशी उभी राहिलेली)

अगं, आधी उशिराचं बोलते कारण तेच तुला जास्त खातंय असं पत्रावरून वाटलं. उशीर झालेला नाहीये. उलट मला तर वाटतं नवीन माणसाने शिरायला दुसरं सेमिस्टर जास्त बरं. वर्षाच्या सुरुवातीला क्लबांच्या स्टॉलवर नुसती झुंबड असते, जो तो पाच-सहा ठिकाणी नाव देतो, ग्रुपमध्ये शेकड्याने नंबर ॲड होतात आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी फिरकतच नाहीत. सेमिस्टर संपेपर्यंत गळती झालेली असते, फायनल इयरवाले प्रोजेक्ट आणि नोकरीच्या मागे लागलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच वर्षातलं मोठं काम समोर उभं असतं. त्यात बऱ्याच ठिकाणी पुढच्या वर्षीची कमिटी याच काळात ठरते, म्हणजे आत्ताच्या लोकांना आपल्यामागे कोण सांभाळणार याची काळजी असते. अशा वेळी कोणी येऊन "मी काही करू का" म्हणालं तर त्याला कोणी परत पाठवत नाही गं.

आता त्या म्युझिक नाईटबद्दल. तू तिथे गेलीस, पाऊण तास थांबलीस, आणि कोणाशी ओळख झाली नाही म्हणून तू स्वतःला नापास करून टाकलंस. पण जरा त्या जागेचा विचार कर ना. आवाज एवढा की शेजारच्याला कानात ओरडून सांगावं लागतं, अंधार, लोक आधीच चार-पाच जणांच्या टोळीने आलेले आणि त्यांना त्या टोळीतच मजा करायची असते, ते त्यासाठीच आलेले असतात. अशा ठिकाणी अनोळखी माणसाशी ओळख व्हायला काही वावच नसतो, तिथे तुझ्याऐवजी वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी एकटी गेली असती तरी तिला जडच गेलं असतं. म्युझिक नाईट ही ज्यांची ओळख आहे त्यांनी एकत्र जायची गोष्ट आहे, तू सुरुवातीलाच सगळ्यात अवघड प्रकार निवडलास एवढंच झालं.

आणि सगळे बघत होते हे. यावर कॉर्नेल युनिव्हर्सिटीत टॉम गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले होते, ते २००० साली छापून आले. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा असलेला टीशर्ट घालायला लावला, त्या वयाच्या मुलांना जाम लाज वाटेल असा, आणि एकेकाला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. टीशर्ट घातलेल्यांना वाटलं की जवळजवळ निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात सांगता आलं ते एक चतुर्थांशाहूनही कमी लोकांना. म्हणजे छातीवर एवढं मोठं चित्र असताना ही गत, तू तर फक्त भिंतीला टेकून उभी होतीस, तेही अंधारात. मी असं म्हणत नाही की तुला वाईट वाटायला नको होतं, ते वाटतंच, पण त्या रात्रीचा जो निकाल तू मनात लावून ठेवलायस तो खरा धरू नकोस.

आता मुख्य सांगते, आणि पत्रातलं बाकी काही विसरलीस तरी चालेल पण हे धरून ठेव. प्रोग्रॅमला प्रेक्षक म्हणून जाण्याआधी प्रोग्रॅमच्या तयारीला जा. ओळखी तिथे होतात. स्टेजसमोर नाही होत, स्टेज लागायच्या आधी होतात, खुर्च्या मांडताना, वायर चिकटवताना, बॅनर उलटा लागलाय म्हणून परत काढताना. तयारीत प्रत्येकाला दुसऱ्याशी बोलावंच लागतं, "हे धर", "तो कुठे गेला", "मार्कर आहे का", आणि असं कामाचं बोलता बोलता माणूस सैल होतो. तुझ्यासारख्या मुलीला हे फार सोपं जातं कारण बोलायला विषय शोधावा लागत नाही, काम समोरच असतं.

मैत्रीला वेळ किती लागतो यावर कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात नव्याने कॉलेजात आलेली मुलंही होती. त्यांचा अंदाज असा की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, नीट मैत्री व्हायला ९० च्या आसपास, आणि अगदी जवळचं कोणी व्हायला २०० च्या वर. आता तूच हिशोब कर. महिन्याला एक तीन तासांचा इव्हेंट म्हणलं तर सुट्ट्या सोडून कॉलेजच्या अख्ख्या वर्षात पंचवीस-तीस तास होतात, ते पण दरवेळी वेगळ्या गर्दीत. त्याऐवजी एकाच टीमची आठवड्याला दोन तासांची मीटिंग धर, पंधरा आठवड्यांत तीस तास झाले, वर इव्हेंटच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी मिळून दहा-बारा तास, म्हणजे एका सेमिस्टरमध्येच तू त्याच त्याच माणसांबरोबर चाळीसच्या वर गेलीस. म्हणून एका संध्याकाळीत काही झालं नाही याचं दुःख करण्यात अर्थ नाही, एका संध्याकाळीत कोणाचंच काही होत नसतं.

पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट आहे जी तुझ्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. नुसते एकत्र काम करण्याचे किंवा एकाच वर्गात बसण्याचे तास मैत्रीत फारसे धरले जात नाहीत, जवळीक वाढते ती रिकाम्या वेळात, गप्पा मारण्यात, उगाच एकत्र बसण्यात. म्हणजे मीटिंग संपली रे संपली की बॅग उचलून पळालीस, आणि तुझी तीच सवय आहे असं पत्रात दिसतं, तर चाळीस तास घालवूनही तू "ती कामाची मुलगी" एवढीच राहशील. मीटिंग संपल्यावर लोक जिन्यात, दारात, कॅन्टीनमध्ये रेंगाळतात ना, ती वीस मिनिटं सोडू नकोस. पुढची गाडी पकड. घरी सांगून ठेव की त्या दिवशी उशीर होईल, मग मनात धाकधूक राहत नाही आणि सारखं घड्याळ बघावं लागत नाही.

काम कुठलं घ्यायचं हे जरा सविस्तर सांगते कारण इथे बुजऱ्या मुलामुलींचं हमखास चुकतं. त्यांना विचारलं काय करशील तर ते म्हणतात मी पोस्टर बनवते, मी रिपोर्ट लिहिते, मी एक्सेल शीट सांभाळते. सगळी घरी बसून एकटीने करायची कामं! काम चांगलं होतं, ग्रुपवर दहा अंगठे येतात, आणि वर्षभराने त्या मुलीचा चेहरा कोणाला माहीत नसतो. तुला डिझाईन येत असेल तर जरूर कर पण ते कॉलेजात बसून कर, टीमच्या टेबलावर, कोणाच्या तरी शेजारी. तसंच सामानाच्या खोलीत एकटीने बसायचं काम, पार्किंगच्या टोकाला उभं राहायचं काम, हे सुरुवातीला नको. दुसऱ्या बाजूला अँकरिंगही नको, पहिल्याच खेपेला माईक हातात घेतलास आणि गडबडलीस तर परत सहा महिने बाहेर पडणार नाहीस.

माझं ऐकशील तर रजिस्ट्रेशन डेस्क माग. दारापाशी टेबल, यादी, पेन, बॅजेस. येणारा प्रत्येक जण तुझ्यासमोर थांबतो, तू नाव विचारतेस, डिपार्टमेंट विचारतेस, तो सांगतो, झालं, संभाषण आधीच ठरलेलं आहे, तुला काही सुचवायचं नाहीये. शिवाय डेस्कवर दोघं-तिघं असतात आणि गर्दी ओसरली की त्यांच्याशी गप्पा होतातच. आणि दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधून जाताना अर्ध्या लोकांना तू "काल डेस्कवर होती ती" म्हणून माहीत असतेस. लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते याचा अभ्यास केला होता, १९५० साली त्यावर पुस्तक निघालं. शेजारच्याच दाराला राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हणून सांगितलं, त्याच मजल्यावर चार दारं लांब गेलं की तो आकडा १० टक्क्यांवर. आणि ज्यांची घरं जिन्याच्या तोंडाशी किंवा टपालपेट्यांपाशी होती त्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त, कारण सगळे तिथूनच येणार-जाणार. स्वभाव बदलायला फार वेळ लागतो गं, जागा बदलायला लागत नाही. रजिस्ट्रेशन डेस्क म्हणजे ती जिन्याच्या तोंडाची जागा आहे.

आता तुझ्या प्रवासाचं. तीन तास हे खरंच खूप आहेत आणि जे हॉस्टेलला राहतात त्यांना याची कल्पना नसते, त्यामुळे "अगं ये ना, रात्री नऊला आहे" असं ते सहज म्हणतात. अलेक्झांडर ॲस्टिन म्हणून शिक्षणक्षेत्रातले एक मोठे अभ्यासक होते, त्यांनी अमेरिकेत कॉलेज अर्धवट सोडणाऱ्या मुलांवर खूप काम केलं आणि १९८४ मध्ये त्यावरून आपली थिअरी मांडली. त्यांना दिसलं की कॅम्पसवर राहणारी मुलं टिकण्याची शक्यता जास्त. पण त्याचबरोबर कॅम्पसवरच छोटी पार्टटाईम नोकरी करणारी मुलंही जास्त टिकतात. दोन्हीत समान काय, तर माणूस तिथे जास्त वेळ असतो, त्याला तिथे असायला काहीतरी कारण असतं. तुला हॉस्टेल नाही पण कारण तर तयार करता येईल. रोज थांबू नकोस, जमणारच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात सोडून देशील. आठवड्यातला एकच वार ठरव, ज्या दिवशी तुझी लेक्चर्स लवकर संपतात तो, आणि त्या दिवशी काही झालं तरी दोन तास थांबायचं. ज्या क्लबची मीटिंग त्या वारी असते तो क्लब तुझा. हो, आवडीपेक्षा वार आधी बघ असंच मी सांगतेय, कारण फोटोग्राफी कितीही आवडत असली आणि मीटिंग रात्री आठला असेल तर तू जाणार नाहीयेस.

आणि हे युनियनला सांग सुद्धा. स्टुडंट युनियन म्हणजे नुसते इव्हेंट करणारी मंडळी नव्हेत, विद्यार्थ्यांची अडचण वर पोचवणं हे त्यांचं पहिलं काम आहे. सगळ्या मीटिंगा संध्याकाळीच का, मधल्या सुट्टीत एखादी का नाही, लांबून येणाऱ्यांसाठी दुपारचे कार्यक्रम का नाहीत, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. तुझ्यासारखी लांबून येणारी खूप मुलं असतील पण ती पाच वाजता निघून गेलेली असल्यामुळे मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नसतंच. सगळीजणं हॉस्टेलची असलेली कमिटी मुद्दाम वाईट वागत नाही, त्यांच्या ते डोक्यातच येत नाही. ते कोणीतरी त्यांच्या डोक्यात घालायला हवं.

पहिल्या मीटिंगला काय होईल ते आधीच सांगून ठेवते म्हणजे दचकणार नाहीस. त्यांचे आपापसातले विनोद असतील जे तुला कळणार नाहीत. कोणाची तरी टोपणनावं असतील. अर्धा तास ते मागच्या वर्षीच्या कुठल्यातरी गोंधळावर बोलतील. तुला कोणी मुद्दाम वगळत नसेल पण कोणी मुद्दाम आत घेणारही नाही, आणि घरी जाताना वाटेल की मैत्रीण म्हणत होती ते खरंच आहे, यांचा ग्रुप झालेलाच आहे. तरीही पुढच्या आठवड्यात जा. आणि त्याच्या पुढच्या. निदान चार मीटिंगा झाल्याशिवाय काहीच ठरवू नकोस. नुसतं दिसत राहण्यालाही किंमत असते, पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीत मोरलँड आणि बीच यांनी १९९२ मध्ये दाखवलेलं आहे. चार साधारण सारख्या दिसणाऱ्या तरुणी, एका मोठ्या वर्गात कोणी पाच लेक्चर्सना येऊन बसली, कोणी दहा, कोणी पंधरा, एक अजिबात नाही. कोणाशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरलेलं. शेवटी वर्गाला त्यांचे फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली होती ती मुलांना जास्त आवडली. एक शब्दही न बोलता! तू तर "हे धर, ते दे" एवढं तरी बोलणार आहेस.

अजून एक होईल. कोणाशी तरी पाच मिनिटं बोलशील आणि घरी जाताना मनात उजळणी सुरू होईल, मी काय बोलले, किती बावळटासारखं बोलले, तिला कंटाळा आला असणार. ही उजळणी जवळजवळ सगळे करतात आणि ती बहुतेक वेळा चुकते. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी हेच मोजलं होतं, नव्याने बोललेल्या माणसांना समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं वाटतं त्यापेक्षा प्रत्यक्षात ती जास्त आवडलेली असतात, आणि एकत्र राहणाऱ्या फर्स्ट इयरच्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता. म्हणजे ज्या मुलीला तू कंटाळवाणी वाटली असशील असं तुला वाटतंय ती पण बहुधा तिच्या घरी हाच विचार करत बसलीये.

मैत्रिणीबद्दल थोडंसं. तिच्याशी भांडू नकोस आणि तिला ओढूनही नेऊ नकोस. बरं, ती आली तर तुम्ही दोघी एकमेकींशीच बोलत बसाल आणि कोणाला तुमच्याशी बोलायला जागा राहणार नाही. एकटीने जायचं कसं विचारतेस, तर एकटीने गेलेलंच बरं असं माझं स्पष्ट मत आहे. टाईमपास म्हणशील तर काही क्लब खरंच टाईमपास असतात, मीटिंगच्या नावाखाली नुसते फोटो काढतात, तसं दिसलं तर दुसरा बघ.

आईचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. नवीन आणि होकार देणारं माणूस दिसलं की कमिट्या त्याच्यावर कामं लादत जातात, आणि तू नाही म्हणू शकणाऱ्यातली वाटत नाहीस. म्हणून आधीच सांगायचं, माझ्याकडे आठवड्याला तीन तास आहेत, परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मी नाही. आईलाही हेच आकडे सांग. पैशाचं काम पहिल्या वर्षी घेऊ नकोस, आणि कोणी दोन मिनिटांसाठी कॅश हातात ठेवलीच तर मोजून, लिहून, दोघांच्या सह्या घेऊनच. निवडणुकीचा मोसम आला की गट पडतात, तुला दोन्हीकडून गोड बोलावणी येतील, पहिल्या वर्षी कोणाच्याच बाजूने छाती बडवायची गरज नाही, मत द्यायचं ते दे. आणि ग्रुपमध्ये घेण्यासाठी कोणी काही प्यायला लावलं, अपमान होईल असं काही करायला सांगितलं, किंवा तुला नको असताना रात्री थांबवलं, तर तिथून सरळ निघायचं आणि कॉलेजातल्या जबाबदार माणसाला सांगायचं. त्यात "एकदा करून बघू" नाही.

सकाळी कॉलेजला जावंसं वाटत नाही हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मी त्या ओळीवर थांबले. आठवड्यातले एक-दोन दिवस तसं वाटत असेल तर वर लिहिलंय त्याने फरक पडायला हवा. पण रोजच तसं होत असेल, दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडायच्या त्या गोष्टीही आवडेनाशा झाल्या असतील, तर क्लबच्या आधी कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा. कॉलेजात काउन्सेलर नसेल तर डॉक्टरकडे. आणि आईला अभ्यासाच्या बोलण्याच्या पलीकडे जाऊन हे सांग, तिला बहुतेक माहीतच नसणार.

मेसेज काय करायचा यातच तुझा आठवडा जाईल म्हणून लिहूनच देते. "हाय, मी फर्स्ट इयरची आहे, तुमच्या पुढच्या इव्हेंटच्या तयारीत मदत करायची आहे. मंगळवारी तीन ते पाच थांबू शकते. रजिस्ट्रेशन डेस्कवर जागा असेल तर आवडेल, नसेल तर दुसरं काहीही चालेल. कुठे आणि कोणाला भेटू?" वार तुझा तू बदल. शेवटचा प्रश्न मात्र काढू नकोस, त्याच्यामुळे समोरच्याला जागा आणि नाव सांगावंच लागतं, नुसतं "ओके, कळवतो" म्हणून सुटता येत नाही. दोन दिवसात उत्तर नाही आलं तर तुला टाळलं असं समजू नकोस, त्या फोनवर दिवसाला ढिगाने मेसेज येतात. सरळ युनियनच्या ऑफिसात जा, जो कोणी बसलेला असेल त्याला हेच चार वाक्यात सांग, आणि वर हेही सांग की मी इथे कोणालाच ओळखत नाही. हे लपवायची काही गरज नाही, उलट ते ऐकलं की तुझी कोणाशी तरी ओळख करून द्यायला पाहिजे हे त्या माणसाच्या लक्षात येतं.